मी, उलटा अंथरलेला पट्टा

ज्या वर्षी मामाचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलीशी ठरलं, त्या वर्षी मी या घरी आलो. या घरात साल कोणी आकड्यात सांगत नाही, असंच सांगतात, म्हणून मीही तसंच सांगतो. मामा म्हणजे या घरातल्या आईचा धाकटा भाऊ. माझ्या गोष्टीत त्याचा थोडा हात आहे.

आणि मी? मी एक जुना हिरवा पट्टा. मला गवत म्हणतात, पण मी गवत नाही. मला मुळं नाहीत, तहान नाही, आणि कोणत्याही जनावराने मला दुसऱ्यांदा तोंड लावलेलं नाही. या घराच्या मागच्या अंगणात खेळासाठी जे हिरवं मैदान केलं आहे, त्याच्या मधोमध मी पडून असतो. माझ्या दोन्ही बाजूंना माझी चार भावंडं आहेत. ती सगळी एका दिशेला मान टाकून झोपली आहेत, मी एकटा दुसऱ्या दिशेला. असं का झालं आणि तसंच का राहू दिलं, ते मित्रांनो, आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. आधी मी प्लास्टिकचे दाणे होतो, साबुदाण्याएवढे. मग वितळलो, मग धागा झालो. हजारो सुया एकदम खाली आल्या आणि त्यांनी मला एका कापडात टोचून बसवलं. पाठीला काळा चीक लावला, भट्टीतून नेलं, आणि पाठीवर एक बाण छापला. त्या बाणाचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. धाग्यांची मान कुठे झुकली आहे, ते तो बाण सांगतो. आम्हा पाचही भावंडांना एकाच ताग्यातून कापलं, गुंडाळलं आणि एका कोपऱ्यात उभं केलं.

गुंडाळीतला तो काळ मला अजून आठवतो. आत काळोख होता आणि तो काळोख हिरवा होता. माझे धागे एकमेकांच्या अंगावर रेलून पडले होते. मी झोपेत ऐकायचो की कोणीतरी कोणालातरी सांगतंय, गवत रात्रीतून वाढतं. मग मला स्वप्न पडायचं की मीही वाढतो आहे, गुंडाळीतून बाहेर येऊन जिना उतरतो आहे, रस्त्याने चालतो आहे. जाग यायची तेव्हा मी होतो तेवढाच असायचो.

मग एक दिवस आम्हाला गाडीत घातलं आणि या घरी आणलं.

या घरात तेव्हा चार माणसं राहायची. बाबा, आई, त्यांची मुलगी भिंगरी आणि बाबांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत. भिंगरीचं खरं नाव शाळेत असेल, घरात तिला कोणी त्या नावाने हाक मारताना मी ऐकलं नाही. ती एका जागी उभी राहत नसे, म्हणून भिंगरी. तिला फुटबॉलचं वेड होतं. मागचं अंगण नुसती माती. ती खेळली की अर्धी माती स्वयंपाकघरात यायची आणि चेंडू शेजारच्या काकूंच्या कुंड्यांमध्ये जायचा. काकू चेंडू परत द्यायच्या, पण त्याच्याबरोबर दोन शब्दही द्यायच्या.

"चेंडू घ्या. आणि झाडाचं काय करायचं तेही सांगा, की आता नुसतीच कुंडी वाढवू?"

शेवटी आईच बाबांना म्हणाली, "एकदा काय ते मैदान करून टाका. माझ्यात फरशी पुसायचा जीव राहिला नाही."

आबा आयुष्यभर शिंपी होते. कोट शिवायचे. त्यांनी शिलाईचं यंत्र पुसून, तेल घालून, चादरीखाली झाकून ठेवलं होतं. घरात सांगितलं होतं, "पुष्कळ शिवलं. आता कंटाळा आला." रोज दुपारी अंगण ओलांडून पलीकडच्या भिंतीजवळच्या बाकावर बसायची त्यांची सवय होती. त्या भिंतीवर दुपारचं ऊन रेंगाळतं. पण आम्ही यायच्या थोडे दिवस आधी ते अंगणात बादलीला अडखळून पडले. "चपलेचा अंगठा तुटला," म्हणाले. चपलेचा अंगठा शाबूत होता. तेव्हापासून ते मागच्या दाराच्या पायरीवरच बसायचे, बाकाकडे तोंड करून.

काम सुरू झालं. मिस्त्री जाडजूड, गुडघ्यांना गाद्या बांधलेला, तोंडाने तिखट आणि हाताने फार हळुवार माणूस होता. त्याने आणि त्याच्या दोन माणसांनी वरची माती काढली, पाणसळ लावून उतार धरला, खडी टाकली, खडीवर बारीक कच पसरली. एक चपटं यंत्र धडधडत त्यावरून फिरलं, तेव्हा घरातली भांडी मांडणीवर वाजायला लागली. मग कडेला लाकडी चौकट ठोकली, वर काळं कापड अंथरलं, आणि ताणलेल्या दोरीला धरून एकेक पट्टा उलगडायला घेतला. दोन उजवीकडचे, दोन डावीकडचे. सगळे घराच्या पायरीकडून भिंतीकडे. मधला मी राहिलो.

तेवढ्यात मिस्त्रीची माणसं जेवायला पुढच्या ओसरीत गेली. मिस्त्री जाताना म्हणाला, "मधला मी येऊन टाकतो. हात लावू नका."

आता ढग भरून आले होते. ओल्या जमिनीवर गोंद धरत नाही, हे बाबांनी सकाळपासून चारदा ऐकलं होतं. त्यात मामा आलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. बाजूच्या बोळातून मला उचलून आणताना त्यांचं जे चाललं होतं ते सांगतो.

"दाजी, उचला की जरा. नुसता हात लावून चालताय."

"मीच उचललंय, मेहुणे. तुमच्या बाजूचं टोक जमीन झाडत येतंय."

"लग्नाच्या तोंडावर माझी कंबर गेली, तर ताई तुम्हाला घरात घेणार नाही."

"तुमचं लग्न परत मोडलं, तर ते माझ्या माथी मारू नका म्हणजे झालं."

हसता हसता दोघांचा दम संपला. बोळ जिथे अंगणात उघडतो, ते भिंतीकडचं टोक. पायरी तिथून लांब. त्यांनी मला तिथेच टाकलं.

"इथूनच उलगडू," मामा कपाळ पुसत म्हणाला. "ह्या टोकापासून काय नि त्या टोकापासून काय. भरायची ती जागा तीच ना?"

"तीच," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी मला भिंतीकडून पायरीकडे उलगडलं. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य दोन माणसांच्या दमावर ठरलं.

ते दोघे पाणी प्यायला आत गेले. अंगणात कोणी नव्हतं. पायरीवर आबा तेवढे बसले होते. तेव्हा ढगाला एक फट पडली आणि तिच्यातून ऊन आलं. भावंडांचे धागे घराकडे झुकलेले होते, ती गडद हिरवी दिसत राहिली. माझे धागे घराकडे पाठ करून झुकले होते. ऊन माझ्या अंगावर पडलं आणि पायरीपासून बाकापर्यंत मी पाण्यासारखा चकाकलो.

आबा एकदम उठून उभे राहिले. मग खाली वाकले. त्यांनी शेजारच्या पट्ट्यावर पायरीपासून पुढे हात फिरवला. तो खरखरीत लागला. मग माझ्यावर फिरवला. मी मऊ लागलो.

"मखमल उलटी लागली," ते हळूच म्हणाले.

शिंप्याला हे सांगावं लागत नाही. मखमलीची लव एका दिशेला पडते. कोटाचा एक भाग उलटा कापला, तर तो उजेडात वेगळाच दिसतो आणि सगळा कोट वाया जातो. आबांनी आयुष्यात एकही तुकडा उलटा लावला नव्हता. त्यांनी आत हाक मारायला तोंड उघडलं. माझ्याकडे पुन्हा पाहिलं. आणि तोंड मिटून घेतलं. मग ते हसले. का हसले, ते मला नंतर कळलं.

फट बुजली. मिस्त्री आला तेव्हा आभाळ राखेसारखं होतं आणि गुंडाळीच्या सुरकुत्यांनी आम्ही पाचही जण सारखेच चुरगळलेले दिसत होतो.

"कोणी टाकला हा?"

"आम्ही!" बाबा आणि मामा एकदम म्हणाले.

मिस्त्रीने कडेला डोळा लावून पाहिलं, ओढून पाहिलं. "सांगितलेलं ऐकायचं नाही कोणी. पण सरळ पडलाय," म्हणाला. दोघांची छाती दोन बोटं पुढे आली. माझ्या पाठीवरचा बाण खाली होता, तो कोणाला दिसणार! जोडपट्टी लागली, गोंद लागला, वाळू ओतून ताठ केसांच्या झाडूने धाग्यांच्या मुळाशी घासली. मी कायमचा चिकटलो.

त्यानंतर बरेच दिवस आभाळ तसंच राहिलं, पण आबांना तेवढ्या उजेडातही मी पुरेसा होतो. दुपारी सगळे कामात असले की ते चपला पायरीवर काढायचे, अनवाणी माझ्यावर उतरायचे आणि चालत बाकापर्यंत जायचे. जाताना मी उजळ दिसायचो. भिंतीकडून परत फिरताना मात्र भावंडं उजळायची आणि मी त्यांच्यामध्ये काळसर दिसायचो. जाताना उजेडाची वाट, येताना सावलीची. आणि पायांना जाताना मऊ, येताना खरखरीत. चुकायला जागाच नव्हती.

माणसं जमिनीशी खरं बोलतात. एका दुपारी बाकावरून वाकून, माझ्या टोकावर हात फिरवत आबा बोलत होते. "डॉक्टर म्हणाले, हे परत यायचं नाही. जेवढं आहे तेवढंही जाईल, हळूहळू. घरी म्हटलं, डोळ्यांना पाणी येतं, थेंब दिलेत. सुईत दोरा जात नाही म्हणून यंत्र झाकलं. कंटाळा कसला! मला कामाचा कंटाळा येईल होय?" मग हात माझ्यावरून उलट फिरवत म्हणाले, "सांगितलं की हात धरून फिरवतील. मग मी बसेन खुर्चीत. एकदा बसलो की बसलो."

भिंगरी शाळेतून आली की आबांना म्हणायची, "आबा, चेंडू टाका ना." आधी ते टाळायचे. आता पायरीवर उभे राहून तिच्याकडे चेंडू सोडायला लागले. ती भिंतीकडून मारायची. माझ्या उजळ अंगावरून येणारा चेंडू त्यांना काळ्या ठिपक्यासारखा दिसायचा आणि ते पाय आडवा घालून अडवायचे. चेंडू माझ्यावरून ढळून भावंडांवर गेला, की तो त्यांच्यापुरता या जगातून नाहीसा व्हायचा. मग ते चेंडूच्या आवाजाकडे पाहत उभे राहायचे. भिंगरी चेंडू उचलून आणायची. काही बोलायची नाही. ती न बोलता राहिली, हे खरं तर सगळ्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

मग एके दिवशी लख्ख ऊन पडलं, आणि घरातल्या सगळ्यांना मी दिसलो.

"अगं बाई!" आई दारातच थांबली. "मैदानाला मधोमध भांग कोणी पाडला?"

काकू भिंतीवरून डोकावल्या. "मुद्दाम केलंय होय? हल्लीची पद्धत असेल बाई. मला आपलं वाटलं, रंग उडाला."

मिस्त्रीला बोलावलं. तो गुडघे टेकून बसला, एकदा इकडून, एकदा तिकडून हात फिरवला, आणि त्याचे कान लाल झाले. "हे माझं काम नाही. असं काम माझ्या नावावर राहिलं, तर लोक तोंडात शेण घालतील. कुठून उलगडलात हो हा?"

"दाजी म्हणाले इथून," मामा म्हणाला.

"मी?" बाबा म्हणाले. "ह्या टोकापासून काय नि त्या टोकापासून काय, हे कोण म्हणालं?"

"मी म्हणालो, पण तुम्ही थोर. तुम्ही अडवायचं."

"उद्या सकाळी उखडतो," मिस्त्री म्हणाला. "नवा टाकतो. हा कचऱ्यात."

मित्रांनो, ती रात्र मी जागून काढली. दव पडलं. मी कधी पाणी पीत नाही, पण त्या रात्री प्रत्येक थेंब धरून ठेवावासा वाटला. पहाटे डोळा लागला तेव्हा मला जुनंच स्वप्न पडलं, पण आता मी एकटा चालत नव्हतो. माझ्या अंगावर कोणाची तरी अनवाणी पावलं होती.

सकाळी मिस्त्री लांब पात्याचा चाकू आणि नवी गुंडाळी घेऊन आला. सगळे पायरीशी जमले. त्याने माझं पायरीकडचं टोक धरलं आणि ओढलं. कोट उसवताना येतो तसा आवाज झाला.

"थांब," आबा म्हणाले.

मिस्त्रीने मान वर केली. "काय झालं आबा?"

"राहू दे तो."

"आबा, चांगलं दिसत नाही ते," बाबा समजुतीने म्हणाले. "बघा ना, तुम्हालाही दिसतंय."

"मला तेवढंच दिसतंय," आबा म्हणाले.

मिस्त्रीने टोक तसंच धरून ठेवलं. भिंतीवरून डोकावणाऱ्या काकूसुद्धा तशाच राहिल्या.

आबा पायरीवर उभे होते, एक हात चौकटीला. ते बाबांना अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुझं तोंड मला आता धुरकट दिसतं. सूनबाई आवाजावरून कळते. अंगण नुसतं काळं दिसतं. तेवढी ही वाट दिसते. ज्या दिवशी टाकला ना हा, त्याच दिवशी कळलं मला, उलटा आहे."

मिस्त्रीच्या हातातलं टोक सुटलं. "कळलं होतं? गोंद लावायच्या आधी? आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू सरळ केला असतास."

आई रागावली. तिला रडू आलं की ती आधी रागावते. "रोज विचारते मी, आबा, दिसतं ना नीट? रोज! म्हणे चष्मा जुना झालाय. आम्ही काय परके आहोत?"

"परके असता तर सांगितलं असतं," आबा म्हणाले. "तुम्ही मला खुर्चीत बसवाल म्हणून भ्यालो."

तेव्हा भिंगरी म्हणाली, "मला माहीत होतं."

सगळे तिच्याकडे वळले.

"चेंडू बाजूला गेला की आबा नुसते आवाजाकडे बघत राहतात. म्हणून मी मधल्या पट्ट्यावरूनच मारते. आता जातच नाही माझा बाजूला." मग मिस्त्रीकडे पाहून म्हणाली, "मिस्त्रीकाका, हा काढला तर मी मारू कुठून?"

मिस्त्रीने चाकू मिटला. बराच वेळ तो आपले गुडघे चोळत बसला. "पण लोकांनी विचारलं तर मी काय सांगू, आबा?"

"सांग, एका म्हाताऱ्या शिंप्याने मापानं करून घेतलं."

मिस्त्री हसला. त्याने गोंद मागवला आणि माझं उचकटलेलं टोक पुन्हा बसवलं. इतक्या निगुतीने त्याने माझ्या कोणत्याही भावंडाला बसवलं नव्हतं. जाताना तो स्वतः अनवाणी माझ्यावरून बाकापर्यंत गेला आणि डोळे मिटून परत आला.

आबांना कोणी खुर्चीत बसवलं नाही. बादल्या, खुर्च्या, सायकल, काहीही माझ्यावर ठेवायचं नाही, असा घरात नियम झाला. मामा लग्नानंतर आपल्या बायकोला घेऊन आला, तेव्हा त्याने तिला आधी मी दाखवला. "हे माझ्या हातचं काम," म्हणाला. बाबा म्हणाले, "अर्धं."

वर्षं गेली. आबांची नजर मंदावत मंदावत विझली. मग मी उजळ की काळा, याने त्यांना फरक पडेना. तोवर त्यांचे पाय शिकले होते. जाताना मऊ, येताना खरखरीत. भिंगरी उंच झाली. तिचा पास दोऱ्यात ओवल्यासारखा सरळ जातो, असं तिच्या संघातले म्हणायचे. तिला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, घरी. पुढे ती खेळायला दूरच्या शहरात गेली.

मग माझे वाईट दिवस आले. चेंडू थांबला. पानं पडून माझ्यावरच कुजली, वाळू घट्ट झाली, धागे आडवे झोपले, सावलीच्या बाजूला शेवाळ धरलं. आई-बाबा कामाला जायचे, त्यांच्या लक्षात येईना. मी तक्रार करत नाही. आबा मात्र चालत राहिले. त्या दिवसांत माझ्या सांध्यातून एक खरं गवताचं पातं वर आलं. कुठून बी आलं, कोण जाणे. आबांच्या बोटांना ते लागलं, तेव्हा ते उपटतील असं मला वाटलं. त्यांनी ते चिमटीत धरून मापलं, जसं ते कापड मापत असतील, आणि सोडून दिलं. त्या रात्री मी वाऱ्यात हललो. अगदी थोडा, एका पात्यापुरता.

आबा गेल्यावर भिंगरी आली. ती अंगणात उतरली, माझ्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातला तो ताठ केसांचा झाडू काढला. भावंडांना तिने पायरीकडून भिंतीकडे घासत नेलं. मला उलट घासावं लागतं, तरच माझे धागे उभे राहतात. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. भावंडांवरून ती भिंतीकडे जायची आणि माझ्यावरून घराकडे परत यायची. अजूनही ती येते तेव्हा तसंच करते.

मित्रांनो, मला फार काही लागत नाही. अधूनमधून झाडू फिरवा, पानं उचला, जड वस्तू ओढू नका. आणि तुमच्या घरात कोणी पूर्वी अंगणात जायचं आणि आता पायरीवरच बसत असेल, तर त्यांच्या चपलेचा अंगठा एकदा बघा. तो शाबूत असेल, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा.

आबा गेले ते मामाची मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी, थंडी सरता सरता, दुपारी, बाकावरून परत येऊन आपल्या खोलीत आडवे झाले तेव्हा, झोपेत.